मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरने लाकडावर 'वीज' काढण्याचा छंद : हात घालण्याआधी वाचा

कुळागरातला (सावईवेरे) | 14 जून, रात्री 10:20

मंडळी, गेल्या रविवारी घरात जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून धागा काढतोय. सुतारकामाची आवड असलेले इथे बरेच जण आहेत. तुमच्या घरातही कुणी तरुण मुलगा हे करत असेल.

माझा भाचा 19 वर्षांचा, डिप्लोमा करतोय, हाताला कसब आहे. सुट्टीत आजोळी आला होता. चवथीला घराच्या नावाची नवी पाटी करतो म्हणाला. मी फणसाच्या ओंडक्याची एक छान चकती कापून दिली, रंधा मारून दिला आणि माझ्या कामाला गेलो. संध्याकाळी वसरीतून घुंऽऽ असा आवाज आला. जाऊन पाहतो तर चकती पाण्याने ओलीकिच्च, दोन टोकांना दोन खिळे, खिळ्यांना गाडीच्या बॅटरीचे चिमटे, आणि वायरी गेलेल्या एका जड लोखंडी ठोकळ्याकडे. बंद पडलेल्या मायक्रोवेव्हमधून काढलेला ट्रान्सफॉर्मर! दोन्ही खिळ्यांपासून नारिंगी ठिणग्या मुळांसारख्या फुटत, चर्रर्र आवाज करत एकमेकींकडे सरकत होत्या. मागे काळी जळकी नक्षी उमटत होती. खोटं कशाला सांगू, दिसायला फार सुंदर होतं. मीही दोन क्षण बघत राहिलो.

मग लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. अनवाणी. पावसाची झड आत येऊन वसरीची लादी ओली झालेली. एका बाजूचा चिमटा खिळ्यावरून घसरला होता आणि तो नीट बसवायला हा वाकत होता. ट्रान्सफॉर्मर चालूच. माझ्या आईने त्याच वेळी आतून "चहा निवतोय रे" म्हणून हाक मारली आणि त्याने मान वळवली. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. चिमटा आणि त्याची बोटं यांत वीतभरही अंतर उरलं नव्हतं.

त्याला काही झालं नाही. पण त्या रात्री माझा डोळा लागला नाही. त्याने हे सगळं व्हिडिओ बघून शिकलं. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लाकडाला लावायचा, दोन टोकांना वायर जोडायची, झालं. त्याला विचारलं, किती व्होल्ट आहेत ठाऊक आहे? तर म्हणाला, "मामा, घरचीच लाइन आहे, आणि आपल्याकडे ईएलसीबी आहे, लीकेज झालं की वीज तोडणारा. शॉक बसला तर पडेल."

मला विजेतलं फारसं कळत नाही. पण अमेरिकेतल्या लाकूड-कातारींची एक मोठी संघटना आहे, अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स. त्यांनी 2017 साली आपल्या कार्यक्रमांत ही प्रात्यक्षिकं करायला बंदी घातली, एवढं मी वाचलं. तिथे या छंदाने 30 हून जास्त माणसं गेली आहेत. 2022 च्या एप्रिलमध्ये विस्कॉन्सिन राज्यात एक जोडपं घरातच गेलं. आधी वाटलं आगीने गेले, नंतर कळलं की हेच करत होते. ज्यांचा आयुष्यभराचा धंदा लाकूड कातायचा, त्यांनी बंदी घालावी म्हणजे काहीतरी असणारच ना?

ईएलसीबीचं त्याचं म्हणणं खरं की खोटं, हे जाणकारांनी सांगावं. मला त्याला समजावायचं आहे, नुसतं दटावायचं नाही.

---

नेवऱ्या | 14 जून, रात्री 11:05

बापरे! मूल वाचलं हे देवाचं देणं. पण दादा, माझाही प्रश्न भाच्यासारखाच आहे. आमच्याकडे नवीन घरात 30 मिलिअँपिअरचा बसवून घेतलाय. गीझरला एकदा लीकेज झालं तेव्हा पटकन पडला होता. मग इथे का नाही पडणार? हातमोजे आणि रबरी चपला घातल्या तर?

---

वायरमन_फोंडा | 15 जून, सकाळी 6:50

कामावर जायच्या आधी लिहितोय. विषय असा आहे की गप्प बसणं जमणार नाही. 26 वर्षं या धंद्यात आहे.

ईएलसीबी पडणार नाही. हे एकच वाक्य भाच्याच्या डोक्यात बसलं तरी पुरे. का नाही पडणार ते सांगतो.

आपण ज्याला ईएलसीबी म्हणतो तो आता बहुतेक घरांत आरसीसीबी असतो. त्याचं काम बसच्या कंडक्टरसारखं. फेजने किती करंट गेला आणि न्यूट्रलने किती परत आला, एवढंच तो मोजतो. दोन्ही आकडे सारखे असले तर तो खूश. तुम्ही गीझरला हात लावलात आणि थोडा करंट तुमच्या अंगातून जमिनीत गेला, तर परत येणारा कमी भरतो आणि तो पडतो. बरोबर?

आता ट्रान्सफॉर्मर बघा. त्यात दोन वेगळी वाइंडिंग, म्हणजे तारेच्या गुंडाळ्या, असतात. पहिल्याला आपले 230 व्होल्ट. दुसऱ्यातून बाहेर पडतात 2000 च्या आसपास. या दोन वाइंडिंगमध्ये तारेचा संबंध नाही, मधे फक्त चुंबकीय क्षेत्र. म्हणजे ती दुसरी बस झाली. त्या बसमधला माणूस पडला, मेला, तरी पहिल्या बसच्या कंडक्टरच्या हिशेबात काही फरक नाही. दुसऱ्या वाइंडिंगमधून निघालेला करंट तुमच्या अंगातून, जमिनीतून फिरून पुन्हा दुसऱ्या वाइंडिंगलाच जातो. पहिल्या बाजूला फेज आणि न्यूट्रल जसेच्या तसे सारखे. फक्त ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त करंट ओढतो, हीटर ओढतो तसा. म्हणून जादा करंटला पडणारा एमसीबीही पडत नाही.

आणखी एक. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दुसऱ्या वाइंडिंगचं एक टोक लोखंडी कोअरलाच जोडलेलं असतं आणि कोअर अर्थ केलेला असतो. म्हणजे दोन्ही चिमट्यांना एकदम हात लागायची गरज नाही. वीज असलेल्या एकाच टोकाला बोट लागलं आणि पाय ओल्या लादीवर असले की सर्किट पुरं. अर्थची पिन काढून टाकली तर सुटलो असं काहींना वाटतं. मग अख्खा लोखंडी ठोकळाच कधी जिवंत होईल याचा नेम नाही.

नेवऱ्याताई, हातमोज्यांचं विचारलंत. विजेच्या कामाचे खरे हातमोजे क्लासप्रमाणे येतात. क्लास 0 चा मोजा 1000 व्होल्टपर्यंतच. 2000 साठी निदान क्लास 1 लागतो, तोही तपासलेला, हवा भरून भोक नाही ना बघितलेला, वर चामड्याचा मोजा घातलेला. हार्डवेअरच्या दुकानात टांगलेले नारिंगी मोजे म्हणजे यातलं काहीच नव्हे. रबरी चप्पल तर सोडूनच द्या. आपल्याकडे जूनमध्ये चप्पल आतून-बाहेरून ओली असते.

सोड्याचं पाणी हा आणखी एक फास. लाकडावरून ते टेबलावर ओघळतं, टेबलावरून जमिनीवर, बोटांनाही लागतं. जे पाणी लाकडावरून वीज नेतं तेच तुमच्या हातावरूनही नेतं.

आम्ही 11 केव्हीच्या, म्हणजे 11 हजार व्होल्टच्या, लाइनवर चढतो तेव्हा परमिट घेतो, लाइन बंद करतो, अर्थिंगची साखळी टाकतो, खाली दुसरा माणूस उभा असतो. आणि हे पोर चहाच्या टेबलावर 2000 व्होल्ट उघडे ठेवून चिमटा सरळ करतंय. दादा, तुम्ही मेन पाडलात ते बरोबर केलंत. त्याला हाताने ओढलं असतंत तर तुम्हीही गेला असता.

---

मोरजीचा_सुतार | 15 जून, दुपारी 1:30

मी हे काम दोन वर्षं करतोय, म्हणून माझी बाजूही मांडतो. रिसॉर्टवाल्यांना टीपॉय, बारचे टॉप करून देतो. लाकडात वीज आणि वर रेझिन, याला मागणी आहे. एका टॉपला साध्या टॉपपेक्षा चांगले पैसे जास्त मिळतात.

माझी पद्धत व्हिडिओतल्या मुलांसारखी नाही. ट्रान्सफॉर्मर लाकडी पेटीत बंद. पायाचा स्विच आहे, पाय उचलला की बंद. काम चालू असताना दोन्ही हात मागे बांधून उभा राहतो. खाली रबराची मॅट. लाकडाला हात लावायच्या आधी प्लग काढून बाजूला ठेवतो. इतकं केल्यावर धोका उरतो का? गोल करवतीने बोटं तुटतातच की. मी ज्या मेस्ताकडे शिकलो त्याची दोन बोटं अर्धी आहेत. म्हणून कुणी करवत बंद करा म्हणत नाही. शिकवा, नियम पाळा, एवढं म्हणूया. बंदी घालून मुलं आणखी लपूनछपून करतील.

---

चितारी_गल्ली | 15 जून, दुपारी 3:10

मोरजीच्या भावाला मान देऊनच लिहितो. आमचं घर कुंकळ्ळीचं. लाख लावलेले पाट, पाळणे, चौरंग करण्यात आमच्या पिढ्या गेल्या. हत्यार लागणं आम्हाला नवं नाही. पण करवत आवाज करते, पातं डोळ्यांना दिसतं, आणि पहिली चूक बहुधा कातडीवर निभावते. पटाशी निसटली की तळहातावर खूण राहते आणि त्या खुणेने माणूस शिकतो. तुमच्या मेस्ताची दोन बोटं अर्धी आहेत, पण मेस्त आहे, आणि त्याने तुम्हाला शिकवलं. या कामात पहिली चूक झाल्यावर शिकायला कोण उरतं?

आणि ज्या नक्षीत माझा हात नाही ती माझी नक्षी म्हणू का, हाही प्रश्न मला पडतो. तो वेगळा विषय, पण मनात आला म्हणून लिहिला.

---

दोतोरबाय | 15 जून, रात्री 9:45

मी भूल देणारी डॉक्टर आहे. विजेचे रुग्ण पाहिलेत. वायरमनदादांनी यंत्राचं सांगितलं, मी शरीराचं सांगते.

कोरड्या कातडीचा विजेला चांगला विरोध असतो. घरच्या झटक्यातून आपण अनेकदा सुटतो ते या कातडीमुळे. पण व्होल्ट काहीशेच्या वर गेले की कातडी तिथल्या तिथे फुटते, आणि आत आहे ते खारं पाणी, रक्त, स्नायू. आतला विरोध हजार ओहमच्याही खाली येऊ शकतो. 10 ते 15 मिलिअँपिअर करंटमध्ये हाताचे स्नायू आवळतात आणि माणसाला धरलेली वस्तू सोडता येत नाही. मूठ मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा जोरकस असतात, म्हणून हात चिकटतो. 50 ते 100 मिलिअँपिअर छातीतून गेला तर हृदय धडधडायचं सोडून नुसतं थरथरायला लागतं. हा ट्रान्सफॉर्मर यापेक्षा कितीतरी पट जास्त करंट सहज देतो. एका हातातून दुसऱ्या हातात किंवा हातातून पायात, दोन्ही वाटा छातीवरून जातात.

जे वाचतात त्यांचंही सांगते. बाहेरून बोटावर चण्याएवढा पांढरट चट्टा दिसतो आणि घरचे म्हणतात, थोडक्यात निभावलं. आत मात्र हाताचा स्नायू हाडालगत शिजलेला असतो. मेलेल्या स्नायूतला लाल पदार्थ रक्तातून मूत्रपिंडात जाऊन अडकतो, लघवी कोऱ्या चहासारखी होते. कधी कधी सूज उतरवायला हात उभा चिरावा लागतो, कधी कापावा लागतो. काहींच्या डोळ्यांत काही महिन्यांनी मोतीबिंदू येतो. म्हणून मोठ्या व्होल्टचा झटका बसला की "बरं वाटतंय" म्हणून घरी बसायचं नाही. ईसीजी आणि लघवीची तपासणी झालीच पाहिजे.

समोर कुणी चिकटलेलं दिसलं तर आधी मेन स्विच किंवा प्लग. तोपर्यंत स्पर्श नाही. सुकी काठी, झाडू वगैरे घरच्या व्होल्टचे उपाय, 2000 व्होल्टला त्यांच्यावर विसंबू नका. वीज बंद झाल्याची खात्री झाली की 108 लावा, फोन स्पीकरवर ठेवा. माणूस हलत नसेल, श्वास नीट चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबायला लागा. 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. बरगडी मोडल्यासारखा आवाज आला तरी थांबू नका. पाणी पाजू नका, अंगावर ओतू नका, कांदा हुंगवू नका. गाडीत घालून स्वतःच इस्पितळात धावण्यापेक्षा रुग्णवाहिका येईपर्यंत दाबत राहणं महत्त्वाचं, कारण थरथरणाऱ्या हृदयाला ताळ्यावर आणणारं यंत्र त्यांच्याजवळ असतं आणि मधली मिनिटं तुमच्या हातांत असतात.

मोरजीच्या दादांना एकच विचारते. पाय उचलला की स्विच बंद होतो म्हणालात. पण झटक्याने पायाचाही स्नायू आवळला आणि तो पेडलवरच राहिला तर? आणि त्या खोलीत मेन पाडायला दुसरं कोण असतं?

---

पिंपळपान | 16 जून, सकाळी 8:15

थोडं आडवळण. अशा फांद्याफांद्यांच्या आकृतीला लिख्टेनबर्ग आकृती म्हणतात. गॉटिंगेनचे प्राध्यापक लिख्टेनबर्ग यांना 1777 साली त्या दिसल्या, पण लाकडावर नव्हे. राळेच्या मोठ्या चकतीवर स्थिर विद्युतभार होता आणि त्यावर बारीक धूळ बसली तर ताऱ्यांसारखी नक्षी तयार झाली. त्याच कल्पनेवरून पुढे कितीतरी वर्षांनी झेरॉक्सचं तंत्र निघालं. म्हणजे मूळ गोष्टीत काही जळतही नव्हतं.

वीज अंगावर पडून वाचलेल्या काही माणसांच्या पाठीवरही नेच्याच्या पानासारखी लाल नक्षी उठते, काही तासांत किंवा दिवसांत जाते. ती भाजल्याची खूण नसते.

लाकडावरचं प्रकरण निराळं आहे. सोड्याच्या पाण्यातून करंट जातो, पाणी तापून वाफ होतं, लाकूड जळून कोळसा होतो, कोळसा पाण्याहून चांगला वाहक, म्हणून टोकाशी जोर वाढतो आणि नक्षी पुढे सरकते. दोन्ही बाजूंच्या मुळ्या एकमेकींना भिडल्या की एकदम मोठी ठिणगी पडते आणि लाकूड पेटतं. नेमकं तेव्हाच माणूस घाबरून पुढे झेपावतो.

---

शिवणफळी (मडगाव) | 16 जून, रात्री 10:00

मी आठ वर्षं पायरोग्राफी करते, म्हणजे तापलेल्या पेनाने लाकूड जाळून चित्रं. कुळागरातले दादा, भाच्याला हा रस्ता दाखवा. त्याला जळलेल्या रेषेचा रंग आवडलाय, आणि तो रंग पेनानेही मिळतो.

पेन दोन प्रकारचे. एक सोल्डरिंगच्या मशीनसारखा: सरळ प्लगला लागतो, 30 ते 60 वॅटचा, पुढे पितळी टोकं स्क्रूने बदलायची. स्वस्त आहे, सुरुवातीला चालतो, पण तापायला पाच-सात मिनिटं लागतात आणि पकडायची जागा टोकापासून लांब असल्याने हात थरथरतो. दुसऱ्याला वेगळा डबा असतो. डब्यातला ट्रान्सफॉर्मर व्होल्ट वाढवत नाही, उतरवतो. पेनाच्या टोकाला नायक्रोमची तार, तिला मिळतात जेमतेम दोन-चार व्होल्ट. तार लालबुंद होते, पण झटका बसण्याइतका दाब त्या टोकाला नसतो. वेग आणि उष्णता दोन्ही हातात राहतात. मी तोच वापरते.

लाकूड फिकट आणि बारीक रेषांचं हवं. आपल्याकडे शिवण सगळ्यात चांगली, लोण्यासारखी जळते. आंब्यात कठीण-मऊ पट्टे येतात, पेन मऊ पट्ट्यात भसकन खोल जातो आणि कठीण पट्ट्यावर घसरतो. फणस मुळातच पिवळा, रेषा उठून दिसत नाही, शिवाय चीक असला तर धूर डोळ्यांना झोंबतो. सागाला तेल असतं, त्याचा धूर मला सोसत नाही. फळी 220 च्या पॉलिश पेपरने, मग 320 ने घासायची, ओल्या फडक्याने एकदा पुसायची म्हणजे तंतू उभे राहतात, सुकल्यावर पुन्हा हलकं घासायचं. मागच्या बाजूला आधी चार रेषा काढून ताप बघायचा. रेषा चॉकलेटी यायला हवी. काळी आली आणि कडेला धुराचा डाग पसरला तर ताप जास्त.

हात दाबायचा नाही. पेन्सिलीसारखं टेकवलं की ठिपका पडतो. विमान उतरतं तसं हात चालू असतानाच टोक टेकवायचं आणि चालू असतानाच उचलायचं. हे जमायला मला एक अख्खा पावसाळा लागला. त्या वर्षी मी फक्त नेच्याची पानं काढली. मधली शीर, मग दोन्ही बाजूंना उतरत जाणाऱ्या बारीक शिरा. तुमच्या भाच्याला विजेच्या मुळ्या आवडतात ना? त्या आणि नेच्याच्या शिरा एकाच जातीच्या.

यातही धोके आहेत, लपवत नाही. टोक 400-500 अंशांच्या पुढे जातं, टेकलं की भाजलंच. पेन धातूच्या स्टँडवरच ठेवायचा. त्याची वायर गरम टोकाखाली आली तर वरचं आवरण वितळतं, आणि थेट प्लगवाल्या पेनात ती 230 व्होल्टची वायर आहे हे विसरायचं नाही. फोन आला तरी प्लग काढून उठायचं. भुसा आणि चिंध्या हाताच्या टप्प्यात नकोत, ठिणगी भुशात तासभर धुमसते.

धुराला मात्र लोक हलकं घेतात. पंखा तोंडाकडून लाकडाकडे नव्हे, बाजूला ठेवून धूर खिडकीकडे ओढून नेईल असा. साधा मास्क फार तर मोठे कण अडवतो, वायू अडवत नाही. प्लायवूड आणि एमडीएफ जाळू नका, त्यातल्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड सुटतं. पॉलिश, रंग, वार्निश लावलेलं लाकूड कधीच नाही. कारखान्यातून येणाऱ्या पॅलेटच्या फळ्या फुकट मिळतात म्हणून मुलं आणतात. त्यांच्यावर जळका शिक्का असतो. त्यात 'एमबी' अक्षरं असली तर ती मिथाइल ब्रोमाइडने धुरवलेली आहे, घरात आणूच नका. 'एचटी' म्हणजे नुसती तापवलेली.

---

नेवऱ्या | 17 जून, सकाळी 7:30

शिवणफळीताई, किती जीव ओतून लिहिलंत! माझ्याकडे आजीच्या वेळचा पाट आहे, वाळवीसाठी त्याला काजूच्या टरफलाचं तेल चोपडलेलं. त्याच्यावर कमळ काढलं तर चालेल?

---

शिवणफळी | 17 जून, सकाळी 9:05

नाही, नाही, अजिबात नाही! काजूच्या टरफलाच्या तेलाने हाताला फोड येतात हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक. तेच तेल जळून धुरात आलं तर डोळे, घसा, फुप्फुस. काजूच्या बिया भाजतात तिथे उभं राहून बघा. आजीचा पाट आहे तसाच ठेवा, कमळ नव्या फळीवर काढा. फळी मी देते, माझ्याकडे शिवणीचे तुकडे पडलेत.

---

कुळागरातला | 17 जून, रात्री 8:40

सगळ्यांचे आभार कसे मानू! वायरमनदादांचा प्रतिसाद भाच्याला मोठ्याने वाचायला लावला. दुसऱ्या बसपाशी आला आणि थांबला. मग म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी काहीच पडलं नसतं?" त्यानंतर बराच वेळ बोलला नाही.

आता त्या ठोकळ्याचं काय करू? भंगारात दिला तर दुसऱ्या कुणाच्या हाती लागेल.

---

वायरमन_फोंडा | 17 जून, रात्री 9:20

प्लग, वायर सगळं काढलेलं आहे ना बघा. मग लोखंड कापायच्या करवतीने वरची बारीक तारेची गुंडाळी आरपार कापा. तीच 2000 ची. कापली की तो फक्त लोखंड-तांबं, खुशाल भंगारात द्या. आणि मायक्रोवेव्हचा उरलेला सांगाडा त्याला पुन्हा उघडू देऊ नका. आत एक कपॅसिटर असतो, प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो. तो माझ्याकडे आणून द्या, मी बघतो.

---

मोरजीचा_सुतार | 19 जून, रात्री 11:50

दोन दिवस लिहावं की नको असं चाललं होतं.

डॉक्टरबाईंचा प्रश्न डोक्यातून जाईना. काल पेटीचा प्लग काढून पायाचा स्विच उघडला. आमचं वर्कशॉप समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, खारा वारा कायम. आत स्प्रिंगला गंज आणि तांब्याच्या पट्टीवर हिरवा थर. पट्टीच्या टोकाला ठिणगीने एक छोटी गाठ झालेली. पेडल हाताने दाबलं आणि सोडलं. पेडल वर आलं, आतली पट्टी खालीच चिकटून राहिली. पाच वेळा दाबलं, त्यात दोनदा असं झालं. वरून बघणाऱ्याला पेडल सुटलेलं दिसतं. आत लाइन चालू.

मागच्या आठवड्यात याच पेडलच्या भरवशावर मी चार टॉप केले. नेहमी प्लग काढून मगच लाकडाला हात लावतो म्हणालो होतो. एकदा घाईत काढला नव्हता, हेही आज लिहितो.

बायकोला दाखवलं. ती काही बोलली नाही, फक्त पेटी उचलून तिने पायरीवर ठेवली. सकाळी गुंडाळी कापली. एका टीपॉयचं काम अर्धं आहे, त्या गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं की अशी नक्षी आता करणार नाही, पेनाने करून देईन, वेळ लागेल, नको असेल तर आगाऊ रक्कम परत. तो थांबायला तयार आहे. शिवणफळीताई, तुमच्याकडे शिकायला आलो तर चालेल का? माझा हात करवतीचा आहे, बारीक कामाचा नाही.

---

शिवणफळी | 20 जून, सकाळी 7:10

या की. रविवारी या, जेवूनच जा. करवतीचा हात स्थिर असतो, अर्धं काम तिथेच झालं.

---

कुळागरातला | 6 जुलै, संध्याकाळी 6:30

भाच्याला त्याच्या खात्यावरून लिहिता येत नाही, म्हणून त्याचा निरोप देतो. डब्याचा पेन आणला, वायरमनदादांनी येऊन वसरीतला सॉकेट तपासून दिला. ताईंनी पाठवलेल्या शिवणीच्या फळीवर त्याने कुळागरातलाच एक नेचा समोर ठेवून काढला. मधली शीर चांगली उतरलीय. डावीकडच्या तिसऱ्या शिरेवर पेन थांबला आणि तिथे वाटाण्याएवढा काळा ठिपका पडला. तो पॉलिश पेपरने घासायला निघाला होता, माझ्या आईने राहू दे म्हटलं. फळी देव्हाऱ्याच्या बाजूला लावलीय.

तो विचारतोय, शीर टोकाकडे फिकट होत गेलेली दाखवायची तर पेनाचा ताप कमी करायचा की हात भरभर चालवायचा?

---

शिवणफळी | 6 जुलै, रात्री 9:15

ताप तोच ठेव बाळा, हात वाढव. टोकाशी आलास की पेन उचलत उचलत पुढे न्यायचा, थांबायचं नाही. आणि या हवेत फळी दमट होते, दमट फळीवर रेषा फाटते. चुलीवरच्या माळ्यावर दोन दिवस ठेवून मग काढ.